सावलीने थांबणारी कुर्ली

पाण्यावर एक चप्पल होती. मंदा नव्हती.

ज्यांनी चिरेखाण पाहिली नाही त्यांना सांगते. आमच्याकडे सड्यावर, म्हणजे गावावरच्या उघड्या पठारावर, माती कमी आणि जांभा दगड जास्त. त्याचे चिरे कापून घरं बांधतात. चिरे निघाले की मागे मोठा चौकोनी खड्डा राहतो. त्याच्या भिंती सुरीने कापल्यासारख्या सरळ असतात, आणि एका बाजूला चिरे वर आणायला उतार असतो. ही खाण सोडून दिलेली होती. पावसाचं पाणी आत साचून हिरवं झालेलं, आणि खोली पुरुषभराच्या वर. कडेला गवत कमरेएवढं वाढून सुकलेलं, त्यामुळे कड कुठे संपते ते जवळ गेलं तरी दिसत नव्हतं.

माने सर त्या गवतात गुडघ्यांवर बसून "मंदा! मंदा!" ओरडत होते. बाकीची पोरं चिडीचूप होती. इतकी पोरं एका जागी गप्प मी त्याआधी पाहिली नव्हती.

"सर, पोहता येतं?" मी विचारलं.

"नाही हो, काकी."

"मग उठा. आधी पोरांना कडेवरून मागे घ्या, आणि उताराच्या बाजूला पळा. मी तिथे येते."

मी पदर कमरेला आवळला आणि उडी मारली. माझं माहेर जयगडच्या खाडीकाठचं. लहानपणी तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढायला आम्ही मुली गळ्याइतक्या पाण्यात असायचो. पण खाडीचं पाणी माणसाला थोडं वर धरतं. खाणीचं पाणी धरत नाही, हे आत गेल्यावर कळलं. डोळे उघडले तर काही दिसेना. मी हातांनी चाचपायला लागले.

मंदा तिथे कशी पडली ते समजायचं तर आमच्या कुर्लीबद्दल सांगायला हवं.

खरं म्हणजे मला या अंकासाठी वायंडिंगच्या धंद्याबद्दल लिहायला सांगितलं आहे. तेही सांगते, त्यात फार काही नाही. पंपाची मोटर जळते. उन्हाळ्यात विजेचा दाब कमी होतो, विहिरीचं पाणी तळाला जातं, लोक तरी पंप चालू ठेवून बाजारात जातात. मग मोटर जळते आणि आमच्याकडे येते. जळलेली तार उपसून काढायची, किती वेढे होते ते मोजायचं, तेवढेच वेढे नव्या तारेचे घालायचे, खाचांत कागद घालून ते बसवायचे, दोऱ्याने बांधायचे, वरून व्हार्निश पाजून सुकवायचं. दुकान मालकांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं. त्यांची नजर कमी झाली तेव्हा ते म्हणाले, "तुझी बोटं बारीक आहेत, तू बस." मी बसले. शाळा चौथीपर्यंत झालेली, वेढे मोजायला ती पुरते. गिऱ्हाईक सुरुवातीला दुकानात येऊन विचारायचं, "मालक कुठे आहेत?" मी म्हणायची, "चहा प्यायला गेलेत, मोटर ठेवा." मोटर दुरुस्त होऊन गेली की पुढच्या खेपेला मालकांची चौकशी होत नसे.

माने सर सोलापूरकडचे. आमच्या इथल्या शाळेत नवीन लागले होते, वय पंचविशीच्या आतलं. एका दुपारी खिशातून बोराएवढी मोटर काढून माझ्यापुढे ठेवली. टेपरेकॉर्डरमधली.

"काकी, हिचं वायंडिंग होईल का?"

मी हसले. "सर, हिच्यात केसासारखी तार असते. नवी घ्या, सोपं पडेल."

"नवी घेतली तर आत काय आहे ते पोरांना दिसणार नाही."

हे मला पटलं. मी चष्मा लावून ती मोटर उघडली, तार घातली. वेळ लागला, पण फिरली. सर म्हणाले, "रविवारी शाळेत याल का? पोरांसमोर करा." मी म्हटलं, "मी बाई माणूस, चौथी शिकलेली, मी काय शिकवणार?" ते म्हणाले, "शिकवू नका. फक्त करा, आणि पोरं विचारतील त्याला उत्तर द्या. येत नसेल तिथे मी आहे." असा तो सौदा झाला. मोटर फिरते कशी ते मला येत होतं, का फिरते ते सरांना. दोघांचं बरं जमलं.

पुण्याच्या एका कारखान्यात सरांचा मित्र होता. तिथे उन्हावर वीज करणारे सेल बनवायचे. त्यातले फुटलेले तुकडे त्याने खोक्यात घालून पाठवले. निळे, काळपट, उडदाच्या पापडासारखे पातळ आणि तेवढेच नाजूक. तुकडा फुटका असला तरी उन्हात वीज देतोच, फक्त लहान तुकड्याचा जोर कमी. मला वाटलं होतं हे शहरातलं काही थोतांड असेल. सरांनी असे काही तुकडे ओळीने तारेने जोडले, पाटीवर बसवले आणि मोटरला लावून खिडकीतल्या उन्हात धरले. मोटर गरगरली. हात आडवा धरला, थांबली. हात काढला, परत फिरली. मी आयुष्यभर तार आणि वीज यांतच होते, तरी त्या दिवशी मीही पोरांच्या मागून मान उंचावून बघत होते.

यंत्राचं माणूस करायचं असं सरांच्या डोक्यात होतं. पोरांनी ते हाणून पाडलं. दोन पायांवर ते उभंच राहीना. मंदा म्हणाली, "सर, कुर्ली करूया. ती कधी पडते काय?" कुर्ली म्हणजे खेकडा. मग कुर्लीच ठरली. पाठीला उपडी करवंटी, पाय मोडक्या छत्रीच्या काड्यांचे. आमच्याकडे मोडक्या छत्र्यांना तोटा नाही. पोटात मोटर आणि गजराच्या घड्याळातली दातेरी चाकं, पाठीवर सेलची पाटी. सर एकेका कुर्लीचं सामान वेगवेगळ्या पिशवीत भरून ठेवत. दोघादोघांना एक पिशवी. तारांचे सांधे जोडायला डाख लावायचं काम माझ्याकडे, बाकी सगळं पोरांनी करायचं.

मंदा दहा वर्षांची. बाप मुंबईला हॉटेलात, आई पार्वती आंब्याच्या दिवसांत पेट्या भरायला जायची आणि एरवी कातळावर गवत कापायची. पोर हट्टी. प्रश्न विचारला की उत्तर मिळेपर्यंत हलायची नाही. मोटर नुसती फिरते तेव्हा बोट लावलं तरी थांबते, पण मध्ये चाकं घातली की पाय हळू हलतात आणि तेच बोट बाजूला सारतात. हे दाखवल्यावर तिने विचारलं, "मग वेग गेला कुठं?"

सर म्हणाले, "कुठं गेला नाही. वेग देऊन जोर घेतला."

मंदाने थोडा विचार केला. "भात देऊन सुकट घेतात तसं?"

"तसंच."

"मग सरळ सांगायचं ना, सर."

सर नंतर मला म्हणाले, "काकी, पुढच्या वर्षी मी सुकटीवरूनच शिकवणार."

आमची कीर्ती गावात पसरली आणि एक दिवस बापूशेठ दुकानात आले. त्यांची कलमांची मोठी बाग. वांदरांनी त्यांना सळो की पळो केलं होतं. मोहोरापासून आंब्यापर्यंत काही ठेवत नसत.

"काकी, ही तुमची कुर्ली वांदरांना पळवील काय?"

"शेठ, ती पोरांचं खेळणं आहे."

"असू दे. एक द्या, बघूया."

सरांनाही गंमत वाटली. बागेत एक मचाण बांधलं, त्यावर कुर्ली ठेवली. ती उन्हात खडखड पाय आपटायला लागली आणि पहिल्या दिवशी वांदरं खरंच पळाली. बापूशेठनी शाळेत पेढे पाठवले. दुसऱ्या दिवशी एक मोठा हुप्प्या आला, दुरून बघत बसला, मग मचाणावर चढला आणि कुर्ली उचलून उपडी केली. सेल खाली गेले, कुर्ली थांबली. सुलटी केली, पाय हलले. परत उपडी केली. बापूशेठ झाडाखाली उभे राहून बघत होते. शेवटी त्याने ती फांदीवर आपटली आणि एक सेल चावून बघितला.

शेठ मोडकी करवंटी घेऊन आले. "काकी, त्याला तुमच्या वर्गात घाला. पोरांपेक्षा लवकर शिकला मेला."

या हुप्प्याने जे ओळखलं ते पोरांनाही माहीत होतं. आमच्या कुर्लीला बटण नव्हतं. बटण घातलं तर वजन वाढायचं आणि तुकडे आधीच थोडे. ऊन म्हणजे चालू, सावली म्हणजे बंद. आता नियमाबद्दल सांगते.

मंदाने एकदा चालती कुर्ली वरून पकडली आणि तिच्या अंगठ्याखाली सेल फुटला. खोक्यातले चांगले तुकडे तोवर संपत आले होते. पोरं तिच्यावर तुटून पडली.

"मंदीने मोडली!"

"हात हायत का कोयते?"

"हिला आता फक्त छत्र्या सोलायला द्या!"

मंदा रडली नाही. ती म्हणाली, "मग नियम करा. चालत्या कुर्लीला कुणी हात लावायचा नाय. आधी पुढे जाऊन सावली टाकायची, ती थांबली की दोन हातांनी करवंटीला धरून उचलायची." सगळ्यांनी मान्य केलं. सरांनाही आवडलं, मलाही. ज्याने मोडलं त्यानेच नियम सुचवावा, यापेक्षा चांगलं शिक्षण मला माहीत नाही. त्यानंतर तो नियम मंदाइतका कडक कुणी पाळला नाही. एखाद्या पोराने नुसता हात पुढे केला तरी ती ओरडायची, "सावली टाक, मेल्या!"

सावली टाकण्यातही कसब होतं. उन्हाकडे पाठ करून कुर्लीच्या समोर उभं राहायचं. कुर्ली फार जवळ आली की तिच्यावर फक्त तुमच्या पायांची सावली पडते, ती काडीसारखी. तेवढ्याने ती हळू होते, थांबत नाही. थांबवायला अंगाची सावली लागते, म्हणून आपण पाऊलभर मागे सरायचं. पोरं यात पटाईत झाली होती. कुर्लीवर नजर ठेवून मागे मागे सरायची, नाचल्यासारखी.

शाळेच्या अंगणात फणसाची झाडं. कुर्ली चार पावलं चालली की सावलीत जाऊन बसायची. पोरं वैतागली. "सर, सड्यावर जाऊया, तिकडं झाड नाय एक!" शर्यत लावायची असं ठरलं. दिवाळीच्या सुट्टीनंतरचा रविवार होता. जेवण करून आम्ही सगळे सड्यावर गेलो. मी डाख लावायचं सामान आणि ते मांडायला एक पाटाची फळी घेऊन बरोबर होते. खाण आहे हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. सरांनी तिकडे बोट दाखवून बजावलंही, "त्या बाजूला कुणी जायचं नाही." पोरं म्हणाली, "नाय, सर." आणि कुणी गेलंही नसतं. कुर्ली गेली.

उन्हं उतरायला लागली होती. मंदाच्या कुर्लीचा एक पाय वाकला आणि ती ओळ सोडून तिरकी चालत पश्चिमेला निघाली, खाणीच्या बाजूला. सर दुसऱ्या टोकाला एका पोराची चाकं बघत होते. मी खाली बसून डाख वितळवत होते. पोरांचा ओरडा ऐकू आला, "मंदे, चालली तुझी!" मी मान वर केली तेव्हा मंदा धावत कुर्लीच्या पुढे गेली होती आणि वळून उभी राहिली होती. पाठ उन्हाकडे, तोंड आमच्याकडे. अगदी बरोबर उभी होती. कुर्ली तिच्या सावलीत आली, हळू झाली, पण वाकडी चालत असल्याने कडेने निसटली. मंदा बाजूला सरली, मग मागे सरली. नजर कुर्लीवर. सावली धरली, सुटली, आणखी मागे सरली. मी "मंदा, मागे बघ!" म्हणून ओरडले. तिने वर बघितलं, माझ्याकडे. गवत हललं आणि ती दिसेनाशी झाली.

पाण्यात मला आधी तिच्या फ्रॉकचं कापड लागलं. भिंतीला पाण्याखाली एक पायरी राहिली होती, अर्धवट कापलेल्या चिऱ्यांची. त्यावर ती आपटून खाली गेली असावी. मी तिला वर ओढली. डोकं मागे लोंबत होतं. भिंतीला धरायला काही नाही, शेवाळ हाताला बुळबुळीत. लुगडं पायांत गुंडाळलेलं. उताराची बाजू जवळ दिसत होती आणि येत नव्हती. एका क्षणी मला स्पष्ट वाटलं की पोरीला सोडलं तर मी पोचते. वाटलं ते लिहिते. सोडलं नाही, यात शौर्य काही नाही, बोटं आखडली होती.

सर उतारावरून छातीइतक्या पाण्यात आले होते. मागे मोठ्या पोरांनी एकमेकांचे हात धरून साखळी केली होती आणि शेवटच्या पोराने सरांचा पट्टा धरला होता. सरांनी माझी पाटाची फळी पुढे केली. ती माझ्या हाताला लागली.

मंदा श्वास घेत नव्हती. सरांनी तिला पालथी घातली, पाठ दाबली. हिरवं पाणी आलं. मग खोकला आला. पण डोळे उघडेनात. आम्ही तिला रस्त्यापर्यंत उचलून नेली, चिऱ्यांचा एक ट्रक मिळाला, त्यातून सरकारी दवाखान्यात. निघताना मी एकदा मागे बघितलं. कुर्ली कडेच्या गवतात अडकली होती आणि उन्हात पाय हलवत होती.

पार्वती दवाखान्यात आली ती हातात कोयती तशीच घेऊन. मी ओल्या लुगड्यात बाकावर बसले होते. ती माझ्यासमोर उभी राहिली.

"खेळणी करायला नेलीत ना माझ्या पोरीला?"

"हो."

"जगंल काय?"

"डॉक्टर काही बोलत नाहीत."

"मग तुम्ही पण काय बोलू नका." ती माझ्या शेजारी बसली. कोयती बाकाखाली ठेवली. सकाळपर्यंत आम्ही दोघी तिथेच बसून होतो.

गावाला बोलायला विषय मिळाला. जास्त बोल सरांना बसला. "बाई उडी मारते आणि हा काठावर उभा!" नाक्यावर त्यांना ऐकू जाईल असं बोलत. सर मान खाली घालून जात. ज्यांनी माझ्यासमोर हे काढलं त्यांना मी सांगितलं, आणि आताही सांगते. पोहता न येणारा माणूस पाण्यात उडी मारत नाही ही भित्र्याची नव्हे, शहाण्याची गोष्ट आहे. ते उडी मारते तर मला दोघांना काढावं लागलं असतं. दोघं माझ्याने निघाली नसती. दोघांपैकी कुणाला काढायचं, हे निवडायची वेळ त्यांनी माझ्यावर आणली नाही. आणि फळी घेऊन त्या जागी कुणी उभं नसतं तर आम्ही दोघी तिथेच राहिलो असतो.

शाळेने रविवारचं काम बंद केलं. पालकांपैकी कुणी तक्रार केली नव्हती, पण कुणी पोरंही पाठवली नसती. पिशव्या कपाटात गेल्या. सरांची वर्षभरात बदली झाली. जाताना भेटायला आले तेव्हा म्हणाले, "काकी, बटण घालायला हवं होतं."

मी म्हटलं, "बटण असतं तर ते दाबायलाही ती पुढेच धावली असती."

मला अजूनही माहीत नाही आमच्यापैकी कोणाचं बरोबर होतं. मी त्यावर बराच विचार केला आहे. खाणीकडे जाऊ नका असं आम्ही सांगितलं होतं, आणि कुर्लीला हात लावू नका हेही सांगितलं होतं. दोन्ही बरोबर होती. पण पोरीला एकाच वेळी दोन्ही पाळायची वेळ आली, तेव्हा तिने जवळचं पाळलं. यंत्राला कड कळत नाही हे आम्ही पोरांना पहिल्या दिवशी शिकवलं होतं. यंत्राकडे बघणाऱ्याला ती कळत नाही, हे मी खाणीवर शिकले. मोटर जळली तर मी ती उघडून सांगू शकते कुठला वेढा आधी गेला. त्या दुपारचं तसं उघडून बघता येत नाही.

मंदाने तिसऱ्या दिवशी डोळे उघडले. खांद्याचं हाड मोडलं होतं, ते वाकडं जुळलं. डाव्या कानाने ऐकू येणं गेलं ते परत आलं नाही. शाळेत डाव्या बाजूला पहिल्या बाकावर बसायला लागली, म्हणजे उजवा कान गुरुजींकडे राहील.

पुढच्या आंब्याच्या हंगामात पार्वती तिला घेऊन दुकानात आली. दवाखान्यानंतर आम्ही एकमेकींशी बोललो नव्हतो. तिने पोरीला पुढे ढकललं.

"हिला बसवा तुमच्याकडं दुपारची. घरातलं घड्याळ उघडून ठेवलंन. शेजारणीचा रेडिओ उघडलान. मारून झालं, कोंडून झालं."

"पार्वती, मागचं विसरलीस?"

"विसरत्ये कशाला? म्हणून तर इथं आणली. तुमच्याकडं निदान पाणी नाय."

मी मंदाला विचारलं, "काय गो, बसशील? वेढे मोजायचे, मध्ये बोलायचं नाही."

"ह्या कानात बोला, काकी," ती म्हणाली आणि उजवा कान माझ्याकडे केला.

ती माझ्याकडे लग्न होईपर्यंत बसली. आता चिपळूणला तिचं स्वतःचं वायंडिंगचं दुकान आहे, तिथे पाटीवर तिचं नाव आहे. डावा खांदा थंडीत दुखतो. माझं वय झालं आहे, दुकान मी बंद केलं आहे. त्या दिवशी खाणीच्या पाण्यात आम्ही दोघी गेलो. दोघी जगलो.